चढावरचा आवाज

"गाडी चालू आहे, मॅडम," सेल्समन हळूच म्हणाला, आणि तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. म्हणजे मघाशी दाबलं तेव्हा ती चालू झाली होती, काहीच झालं नाही असं वाटून पुन्हा दाबलं तेव्हा बंद पडली होती, आणि आता परत चालू होती. ह्यातलं एकही तिला कळलं नव्हतं. समोरच्या पडद्यावर गाडी तयार असल्याचं हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं, पण सीट थरथरत नव्हती, स्टिअरिंग हाताला जिवंत लागत नव्हतं, कुठे गुरगुर नाही की धाप नाही. तिच्या पोटात खड्डा पडला. एवढी महागडी गाडी बघायला आलेल्या बाईच्या पोटात खड्डा पडावा तो किमतीने. हिच्या पडला तो आवाज नाही म्हणून. तिचं तिलाच हसू आलं, पण खड्डा होता तसाच राहिला. "हायब्रिडचं हेच तर वैशिष्ट्य आहे," सेल्समन खुलून म्हणाला. "कमी वेगात नुसती बॅटरीवर चालते. तुम्ही कधी गेलात, कधी आलात, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही." तिने मान डोलावली. शेजाऱ्यांना तिच्या जाण्यायेण्यात एवढा रस असेल असं तिला आजवर वाटलं नव्हतं.

तिचं पोट आवाजावर चालत होतं. ती भूलतज्ज्ञ होती. सर्जन टेबलावरचा माणूस उघडून कामाला लागतो तेव्हा त्या माणसाचा श्वास आणि ठोका हिच्या हवाली असतो, आणि ती ते दोन्ही डोळ्यांपेक्षा कानांनी सांभाळते. यंत्र प्रत्येक ठोक्याला टिक् करतं, आणि रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की त्या टिकटिकीचा सूर किंचित खाली येतो. नवशिके पडद्याकडे टक लावून बसतात. ती पाठमोरी उभी राहून औषध भरत असते, कुणाला तरी काहीतरी सांगत असते, आणि सूर केसभर उतरला की वळते. "मॅडमना मागच्या बाजूलाही कान आहेत," असं नर्सेस म्हणायच्या, आणि ती वरवर दुर्लक्ष करून मनातून सुखावायची. तिची दुसरी ख्याती तिच्या बडबडीची होती. तिला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती, की सांगितल्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही. टेबलावर आडवा झालेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो भीतीनं, त्याला दचकवण्याचा हक्क आपल्याला नाही. तेव्हापासून ती प्रत्येकाला सांगत आली होती. आता मी तुमचा हात धरणार आहे. जरा गार वाटेल, माझे हात गारच असतात. आता सुई टोचेल. आता हनुवटीला हात लावते. माणूस झोपी गेला तरी तिची जीभ थांबायची नाही, आणि सर्जन मास्कमधून म्हणायचे, "झोपला तो, आता आम्हाला सांगा." पण झोपलेल्या माणसाचे कान नक्की केव्हा मिटतात हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, असं तिचं उत्तर ठरलेलं होतं.

ह्या धंद्याने तिची नजर मात्र कायमची बिघडवली होती. समोर आलेल्या माणसाचा आधी गळा दिसायचा, मग जबडा, मग हातावरच्या शिरा. लग्नसमारंभात नवरामुलगा बघून लोक जोडा शोभतो का ते बघतात, तिच्या मनात यायचं की ह्याच्या घशात नळी घालताना त्रास होणार. ह्या सेल्समनची हनुवटी आत गेलेली होती आणि मान आखूड होती. सबंध वेळ तो चाकं आणि मोटर समजावून सांगत होता आणि ती त्याच्यासाठी मनातल्या मनात कुठल्या मापाची नळी लागेल ते ठरवत होती. तरी तिने ऐकलं. रिअर व्हील म्हणजे गाडी मागून ढकलली जाते, पुढची चाकं फक्त वळायला मोकळी, म्हणून स्टिअरिंग हाताला हलकं आणि खरं लागतं. ऑल व्हील म्हणजे चारही चाकं भार उचलतात, थोडी जड, थोडं जास्त पेट्रोल पिते, पण ओल्या चढावर एखादं चाक घसरलं तर बाकीची धरून ठेवतात. आणि हायब्रिड म्हणजे दोन्ही, पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर, घरी रात्री प्लग लावायचा. "आणि आवाज हवाच असेल, तर हे बटण," तो म्हणाला. "स्पोर्ट. हे दाबलं की इंजिन लगेच जागं होतं. काही लोकांना आवाजाशिवाय करमत नाही." कुणाला आवाजाशिवाय करमत नाही म्हणून बटण बसवायचं, ही गोष्ट नवऱ्याला सांगायला बरी आहे, असं तिला वाटलं.

नवऱ्याला सांगायला बऱ्या असलेल्या गोष्टी हल्ली साठून राहत होत्या. तो आधी फार हसायचा. घरांचे नकाशे काढायचा तो, हाताने, आणि पट्टीशिवाय सरळ रेघ मारून दाखवायचा, नव्या कारकुनांशी त्यावर पैजा लावायचा, आणि जिंकला की मोठ्याने हसायचा. मग सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, त्याने हळूहळू ऑफिस आवरतं घेतलं, आणि गेलं वर्षभर तो घरीच होता. वर्षभरात त्याचं हसू कमी झालं होतं. ती ऑपरेशन थिएटरातला एखादा किस्सा रंगवून सांगायची आणि तो तिच्याकडे शांत चेहऱ्याने बघत राहायचा, मग म्हणायचा, "चांगला आहे." आपले विनोद शिळे झाले, ह्या निष्कर्षावर ती आली होती. इतकी वर्षं संसार केल्यावर कुणाचे विनोद ताजे राहतात? एकदा दूध उतू जाऊन भांडं करपलं, घरभर धूर, आणि हा शेजारच्या खोलीत निवांत. "नाक कुठे गहाण टाकलंस?" तिने विचारलं होतं. "तुझ्या हॉस्पिटलात," तो म्हणाला होता. तेव्हा ती हसली होती.

गाडीवरून मात्र तो हटून बसला होता. तिला ह्याचंच नवल वाटलं. पैसे तिचे होते, गाडी तिची होती, तिच्या आयुष्यातली पहिली कोरी गाडी. आजवर तिने एक दिराची जुनी, मग एका सर्जनची जुनी, आणि शेवटी ही म्हातारी चालवली होती. म्हातारी म्हणजे तिची सध्याची डिझेल. फाटकापासून पार्किंगपर्यंतचा चढ चढताना ती अशी काही कण्हायची की वरच्या मजल्यांवरची माणसं खिडकीत यायची. त्यांचं स्वयंपाकघर तर त्या चढाच्या अगदी डोक्यावरच होतं. पन्नाशी ओलांडून गेल्यावर एकदा स्वतःला काहीतरी महाग घ्यावं, शांत घ्यावं, दिवसभर टिकटिक ऐकून आल्यावर परतीची वाट तरी निःशब्द असावी, एवढीच तिची इच्छा होती. मुलगी दुसऱ्या गावाहून फोनवर म्हणाली, "आई, घेतेयस तर ऑल व्हील घे, तुमचा तो चढ पावसात शेवाळतो." इथवर ठीक होतं. पण नवऱ्याने टेबलावरून वर न बघता सांगितलं, "पेट्रोल घे."

"तू? आयुष्यभर माझ्या मागे दिवे बंद करत फिरलास, आणि आता पेट्रोल घे म्हणतोस?"

"बॅटरीवाली येताना आवाज करत नाही म्हणे."

"तेच तर हवंय मला!"

"गाडीनं कसं, खाकरून आत यावं," तो म्हणाला. "चोरपावलांनी काय यायचं स्वतःच्या घरात?"

"तुला गाडीतलं काय कळतं रे?"

"एवढं कळतं, की आपलं घर रिअर व्हील आहे. दिसतेस तू पुढे, ढकलतो मी मागून." हे म्हणतानाही तो हसला नव्हता. उजवा हात खिशात घालून उठला होता आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. हल्ली तो तसाच उभा राहायचा, एक हात खिशात, ऐटीत. निवृत्त माणसाला ऐट करायला आता दुसरं काय उरलंय, असं म्हणून तिने विषय सोडून दिला होता.

शोरूमने हायब्रिड दोन दिवस घरी न्यायला दिली. चालवून बघा, घरी प्लग लावून बघा, मग ठरवा. घरी न सांगता तिने ती सकाळी हॉस्पिटलातच मागवून घेतली; त्या दिवशी शेवटचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि ती उजेड असतानाच निघाली. तिच्या येण्याला तशी वेळच नव्हती. कधी दुपारी, कधी जेवणं झाल्यावर, कधी भलत्या वेळी बोलावणं आलं तर पहाटे. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जात होती. सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या स्कूटरवरच्या बाईचं पुटपुटणं ऐकू आलं, झाडावरचा पक्षी ऐकू आला, स्वतःच्या घड्याळाचा पट्टा कपड्याला घासला तोही ऐकू आला. पोटातला तो पहिला खड्डा आता भरला होता. ठरलं, ती मनात म्हणाली, हीच. चढावर तिला म्हातारीच्या कण्हण्याची एवढी सवय झालेली होती की गाडी वर पोचून थांबली तरी आपण अजून खालीच आहोत असं वाटलं. ती लिफ्टने वर आली, पर्समधून किल्ली काढली, आणि बेल कशाला वाजवायची म्हणून लॅच उघडलं.

आधी तिला एक किणकिण ऐकू आली. अगदी बारीक, काचेवर काच लागल्यासारखी, स्वयंपाकघरातून. एकसारख्या लयीत. फ्रिजवरची बाटली हलतेय असं वाटलं तिला, मग वाटलं नळ गळतोय. पण फ्रिजला अशी लय नसते आणि नळाला एवढी घाई नसते. ती बूट न काढता पॅसेजमध्ये उभी राहिली. तिच्या कानांनी ती लय मोजली, तिने न सांगता, जसे ते थिएटरात मोजतात. आणि तिला कळलं. बघायच्या आधी, एक पाऊल पुढे टाकायच्या आधी कळलं. त्या लयीला तिच्या पुस्तकात नाव होतं. मग तिने मान वळवून बघितलं. तो टेबलाशी पाठमोरा, थोडा तिरका बसला होता. उजवा हात टेबलावर मोकळा ठेवलेला होता, अंगठा बोटांवर फिरत होता, पिठाची गोळी वळावी तसा, आणि त्या हाताच्या कडेला टेकलेली कपबशी वाजत होती. तो हात लपवत नव्हता. त्याच्याकडे बघत होता, नुसता, पाहुण्याकडे बघावं तसा. शर्टाची वरची बटणं लागलेली नव्हती. शेजारी फोन उताणा पडला होता आणि त्यातून मुलीचा आवाज येत होता.

"बाबा, आता आईला सांगा. किती दिवस ह्या गोळ्या पुस्तकांच्या मागे ठेवणार तुम्ही?"

"सांगतो. तिच्या गाडीचं एकदा होऊ दे."

"ती डॉक्टर आहे हो बाबा!"

"म्हणूनच तर," तो म्हणाला. त्याचा आवाज किती बारीक झाला होता. घरातला रोजचा आवाज, तिने ऐकलाच नव्हता. "दिवसभर पेशंट बघते गं ती. रस्त्यात माणूस दिसला तरी त्याच्या मानेकडे बघते. एक घर आहे जिथे ती डोळे काढून ठेवते. इथेही एक पेशंट बसवून ठेवू तिच्यापुढे? मी तिचा नवरा आहे. राहू दे की अजून थोडे दिवस."

"आणि तिनं बघितलं तर?"

"चढावर गाडी कण्हते ना, तेवढ्यात हात जागेवर जातो माझा. बटणंही लागतात. जमलंय आता. ती नवी बिनआवाजाची घेतली तर मात्र पंचाईत आहे." आणि तो हसला. तिने पाठीवरून ओळखलं. खांदे हलले.

तिने लॅच धरून दार इतक्या हळू ओढलं, की स्वतःच्या कानांनाही ऐकू आलं नाही. लिफ्ट वाजते म्हणून जिन्याने खाली गेली. गाडीत येऊन बसली आणि गाडीने दार आपोआप गपकन् मिटून घेतलं. पहिल्यांदा राग आला. कसला राग आला हे तिने प्रामाणिकपणे तपासून बघितलं, तर तो नवऱ्याचा नव्हता, मुलीचाही नव्हता. मागच्या बाजूला कान असलेल्या बाईचा होता. न हसणारा चेहरा म्हणजे विनोद शिळे नव्हेत, तो चेहऱ्याचे स्नायू आखडण्याचा भाग आहे. ऐटीत खिशात घातलेला हात. न आलेला करपल्याचा वास. एखाद्या परक्या माणसाने दारातून येऊन खुर्चीवर बसेपर्यंत तिने हे सगळं जोडलं असतं आणि घरी गेल्यावर जेवताना सांगितलं असतं, आज ना, एकाला बघताक्षणी मी ओळखलं, कंपवात. सांगितलं असतं ते त्यालाच. मग रडू आलं. ती ज्या आवाजाला नको म्हणत होती, तो आवाज ह्या माणसाने रोज वाट बघून, कान देऊन वापरला होता, अंग सावरून घ्यायला, नवरा होऊन बसायला. बायकोपुढे नवरा म्हणून बसायला त्याला एका चढाएवढा वेळ लागत होता, आणि तो त्याला म्हातारी देत होती. आणि आज ती सांगितल्याशिवाय आत शिरली होती. टेबलावरच्या माणसाला दचकवायचा हक्क आपल्याला नाही, हे इतक्या वर्षांत हजारांना सांगून झाल्यावर, एकट्या ह्याच माणसाला तिने न सांगता उघडं बघितलं होतं.

वर जाऊन सगळं बोलून टाकावं, असं एक मन म्हणत होतं. तू आजारी आहेस, मला माहीत आहे, चल, माझ्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत. हे वाक्य तिने गाडीत मोठ्याने म्हणून बघितलं. ते डॉक्टरचं वाक्य होतं. ते ऐकल्यावर वरच्या टेबलाशी बसलेल्या माणसाचं काय होईल तेही तिला दिसलं. तो हात पुढे करेल, तपासायला. आणि मग पुढची सगळी वर्षं तो हात तपासायलाच पुढे येईल. तिने डोळे पुसले, गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढली, रस्त्यावर थोडी लांब नेऊन वळवली. मग ते बटण शोधलं. स्पोर्ट. इंजिन खरंच जागं झालं, खर्जात गुरगुरलं, आणि चढावर तिने नको तेवढा पाय दाबला. वर एका बाल्कनीतलं कुणीतरी वाकून बघायला लागलं. पार्किंगमध्ये तिने ते थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. वर जाताना लिफ्टचं दार आपटलं, किल्ल्या दारासमोर वाजवल्या, आणि कधी नव्हे ती बेलही दाबली.

"आलीस?" तो वर्तमानपत्र मांडीवर पसरून बसला होता. शर्टाची बटणं लागलेली होती, एक चुकीच्या घरात. "नवी दिसली खिडकीतून. ही पण आवाज करते की."

"करते. बटण आहे तिला," ती म्हणाली, आणि त्याच्या अंगाकडे न बघता ओट्याकडे गेली. चहा टाकताना वर्तमानपत्राची कडा बारीक फडफडते ती तिला ऐकू येत होती, आणि तिने नळ मोठा सोडला.

तसे आठवडे गेले. घरात डोळे काढून ठेवणं आता तिला जमेना, तेव्हा ती निदान पावलं वाजवत चालू लागली. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी काहीतरी बोलत यायची, कालची भाजी संपवायला हवी, पंखा फार जोरात आहे, काहीही. तिला शिकवणाऱ्या त्या बाई असत्या तर खूश झाल्या असत्या. मुलीचा फोन आला की ती गाडीचंच बोलायची. तिकडून मुलगी काही सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची, तेही ऐकू यायचं. मुलीला मोकळं करावं असं वाटायचं, पण मग ती ते बापाला सांगणार, आणि त्याचा हात त्याने स्वतः पुढे करायच्या आधीच पकडला जाणार. हे तिला नको होतं. तो सांगेल का, केव्हा, की कधीच नाही, ह्या विचाराने ती रात्री कूस बदलत राहायची. शेजारी तो गाढ झोपलेला असायचा. झोपेत तो हात स्थिर असतो, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. आता रोज बघत होती.

शोरूमचा सेल्समन तिला विसरला नव्हता. "हायब्रिडच ना मॅडम? तुम्ही तर त्या दिवशी प्रेमातच पडला होतात."

"पेट्रोल," ती म्हणाली.

"पण आवाजाचा प्रश्न असेल तर तिच्यात स्पोर्टचं बटण..."

"बटण दाबायला विसरणारे हात आहेत माझे. दमून येते मी. जी गोष्ट रोज न चुकता व्हायला हवी ती दमलेल्या माणसाच्या बोटावर सोडायची नसते." हे ती थिएटरात नवशिक्यांना सांगायची, धोक्याच्या घंटा कधीही हाताने बंद करून ठेवू नका म्हणून. सेल्समनच्या आत गेलेल्या हनुवटीवर गोंधळ पसरला. तिने त्याला दोन्ही गाड्यांच्या डिक्या उघडायला लावल्या. हायब्रिडच्या डिकीत खाली बॅटरी होती, त्यामुळे तळ वर आला होता. पेट्रोलची खोल होती. ती तिच्यात वाकून बघत राहिली. हाताने रुंदी घेतली, मग खोली.

"गोल्फ खेळता का मॅडम?"

"नाही. एक वस्तू ठेवावी लागेल. पुढेमागे. घडी होते तिची." चाकाच्या खुर्चीची घडी केवढी होते ते तिला चांगलं माहीत होतं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्या ओळीने उभ्या असतात. मग तिने शेजारच्या सीटचं दार उघडलं, बसली, उठली, पुन्हा बसली, पाय आधी बाहेर टाकून उठली. सेल्समन नम्रपणे दुसरीकडे बघत उभा राहिला. हे सगळं ती इतक्या थंडपणे करू शकते ह्याची तिला किंचित भीती वाटली, आणि मग वाटलं, करू दे, कुणीतरी केलंच पाहिजे. "आणि रिअर व्हील की ऑल व्हील?" त्याने विचारलं. तिला नवऱ्याचं मागून ढकलणं आठवलं. ती म्हणाली, "ऑल व्हील. चारही चाकांना कामाला लावा."

नवी गाडी आली ती गडद निळी, आणि चढावर मोठ्याने बोलणारी. म्हातारीसारखी कण्हत नव्हती, भरल्या गळ्याने गुरगुरायची. त्याने खिडकीतूनच ऐकून सांगितलं, "हा बरा गळा आहे." ती रोज पार्किंगमध्ये आल्यावर इंजिन थोडा वेळ चालूच ठेवायची. डोळे मिटून बसायची आणि मनातल्या मनात वरच्या मजल्यावरच्या माणसाला सांगायची, आता मी येतेय. आता लिफ्टपाशी जाते. आता किल्ली लावते. असं किती दिवस चालणार, हा प्रश्न यायचा, आणि ती इंजिन बंद करायची.

एका संध्याकाळी वर आली, किल्ल्या वाजवल्या, दार उघडलं, आणि पॅसेजमध्येच तिला ती किणकिण ऐकू आली. ती थांबली. त्याला ऐकू गेलं नाही की काय? मागे फिरावं, पुन्हा खाली जावं, असं मनात येऊन ती वळलीसुद्धा.

"ये," तो आतून म्हणाला. "ऐकलंय मी."

टेबलावर दोन कप होते. चहा ओतलेला होता, त्यातला बराचसा बशांमध्ये. त्याचा हात टेबलावर उघडा होता, आणि कपबशी त्याच्या कडेला वाजत होती. तो तिच्याकडे बघत होता.

"खाली बराच वेळ चालू ठेवली होतीस."

"नवी आहे. इंजिन गरम होऊ देत होते."

"चढ चढून आलेलं इंजिन?" त्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "तुला खोटं बोलता येत नाही. माझ्याकडून शिकायचंस." त्याच्या तोंडाचा एकच कोपरा वर गेला. ते हसू होतं, आता तिला ओळखता येत होतं. "केव्हापासून माहितीये?"

"ती बिनआवाजाची घरी आणली होती, तेव्हापासून."

"वाटलंच मला. त्या दिवसापासून तू घरात पाय आपटत चालतेस. पंखा फार जोरात आहे म्हणत येतेस, पंखा बंद असतो." त्याने हाताकडे बघितलं. "आज गाडी आली तसा हात खिशात घातला. नेहमीसारखा. तू खाली बसून राहिलीस. एवढा वेळ देतेय बाई, मी मनात म्हटलं, ह्या वेळेचं करायचं काय? मग काढला परत बाहेर."

तिला खूप काही सांगायचं होतं. डिकीचं, खुर्चीचं, औषधांचं, त्या दिवशीच्या आपल्या चोरपावलांचं. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. कपबशी वाजत राहिली.

"मी तुझा हात धरते," ती म्हणाली. "तपासायला नाही. जरा गार वाटेल."

"माहितीये," तो म्हणाला. "धर."

मग तिने हात लावला.